पावसाच्या पाण्याची टाकी (घरगुती)

घराच्या छपरावर पडणारे पाणी पन्हळीतून उतरवून वापरासाठी साठवण्याची सोय. शोषखड्ड्यात किंवा विहिरीत पाणी जिरवण्यापेक्षा ही वेगळी. कान्हेरीच्या लेण्यांत कातळात पाट कोरून पोढ्या (खोदीव टाक्या) पावसावर भरून घेत, तेव्हा कल्पना नवी नाही. आज तिची निकड कोकणात विशेष जाणवते. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस, पण तो चार महिन्यांत; जांभ्याच्या सड्यांवरून आणि सच्छिद्र थरांतून पाणी निघून जाते आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात.

आकारमान : एक चौरस मीटर छपरावर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शिंतोडे, गळती वगैरे वजा जाता यातले सुमारे ८० टक्के हाती लागते. म्हणजे ५० चौ. मी. छपरावरून कोकणात वर्षाला १,२०,००० लिटर. आकडा भारदस्त आहे, पण टाकी निवडताना त्याचा फारसा उपयोग नाही. जुलैतल्या पावसात घरगुती टाकी भरायला वेळ लागत नाही. तिचा आकार ठरतो तो ऑक्टोबर ते मे या २४३ दिवसांवर. पाच माणसांच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज ३५ लिटर धरले तर साधारण ८,५०० लिटर, म्हणून १०,००० लिटरची टाकी पुरते. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर भागवायचे तर साठा ६७,००० लिटरचा लागतो. तेवढे पाणी छप्पर देईल, पण टाकीला एक मोठी खोली जाईल. पिण्याला टाकी आणि वरकामाला विहीर किंवा नळ, हीच वाटणी परवडते. माणदेशात ५०० मिमीच्या आसपास पाऊस धरला, तर त्याच छपराचे २०,००० लिटर होतात : पिण्यापुरते भागते, वरकामाची आशा धरू नये.

प्रकार : पॉलिएथिलीनची तयार टाकी (मानक आयएस १२७०१) एका दिवसात बसते, ती अपारदर्शक हवी, नाहीतर आत शेवाळ धरते. मोठ्या साठ्याला फेरोसिमेंट बरे. वेल्डमेश आणि कोंबडी-जाळीच्या सांगाड्यावर सिमेंट-वाळूचा १:३ गिलावा चढवून तीन-चार सेंमी जाडीची गोल भिंत गवंडी जागेवरच उभी करतो. गिलावा दोन आठवडे ओला ठेवला नाही तर तडे जातात. चौकोनी विटांची टाकी कोपऱ्यांत गळू लागते. प्लास्टिकची टाकी जमिनीत पुरली आणि पावसाळ्यात रिकामी राहिली, तर भूजलाच्या दाबाने ती वर उचलली जाते.

उभारणी : १०,००० लिटर म्हणजे १० टन वजन. ते जुन्या स्लॅबवर नको, घट्ट जमिनीवरच्या सपाट जोत्यावर हवे. पन्हळीला मीटरमागे सुमारे एक सेंमी उतार द्यावा. पहिल्या सरीत धूळ, पाला, पक्ष्यांची विष्ठा वाहून येते, म्हणून सुरुवातीचे एक मिमी पाणी बाजूला काढतात. ५० चौ. मी. छपराला ते ५० लिटर होते. ११० मिमी व्यासाच्या पाइपात मीटरमागे जेमतेम नऊ लिटर मावतात, त्यामुळे यासाठी सर्रास बसवला जाणारा हातभर पाइप केवळ शोभेचा. त्याऐवजी तळाला तोटी असलेले छोटे पिंप जोडावे. वाहून जाणारे पाणी बाहेर काढणारा नळ आत येणाऱ्या नळापेक्षा बारीक नसावा, आणि वापराची तोटी तळापासून दहा-पंधरा सेंमी वर असावी, म्हणजे गाळ खालीच राहतो. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

भरणे व शुद्धता : मृगाच्या सरींनी छप्पर धुऊ द्यावे. पुढे पावसाळाभर टाकीतले पाणी वापरत राहावे आणि उत्तरा नक्षत्राच्या पावसात ती काठोकाठ भरून झाकावी. हस्ताच्या गडगडाटी पावसावर भिस्त ठेवू नये. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. नव्या सिमेंटच्या टाकीत ते उलट अल्कधर्मी होते, म्हणून पहिले भरलेले पाणी पिण्याला घेत नाहीत. पिण्यापूर्वी पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे. टाकीची धुलाई मेअखेर, साठा सर्वांत कमी असताना करतात.