कुंपण, पाऊलवाट आणि इंग्रजी स्वभाव

एखाद्या लोकसमूहाचा स्वभाव जाणायचा असेल तर त्याच्या लढायांपेक्षा त्याचे खेळ आणि करमणुकी पाहाव्यात, अशी भूमिका घेऊन जोसेफ स्ट्रट या खोदचित्रकाराने आणि पुराणवस्तूंच्या अभ्यासकाने 1801 साली इंग्लंडमधील लोकांच्या खेळांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे दोन दशकांच्या आत अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंग याने असेच सांगितले की, खरा इंग्रज राजधानीत भेटत नाही, त्यासाठी खेडी, जमीनदारांचे वाडे आणि गावोगावच्या जत्रा हिंडल्या पाहिजेत. तेव्हापासून घोडा, कुत्रा, हिरवळ, लांबलचक फेरफटका आणि खेळातली सचोटी यांवर प्रेम करणारा माणूस म्हणजे इंग्रज, हे चित्र इतके रूढ झाले की स्वतः इंग्रजांनीही ते खरे मानले. ते खोटे आहे असे नाही; पण ज्या जमिनीवर हे खेळ खेळले गेले आणि हे फेरफटके मारले गेले ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न या चित्रातून गळून पडला आहे, आणि इंग्रजी स्वभाव म्हणून जे ओळखले जाते त्यातील बराच भाग त्या प्रश्नावरच्या भांडणातून घडलेला आहे.

हे भांडण जुने आहे. इंग्लंड जिंकणाऱ्या पहिल्या विल्यमने 1079 च्या सुमारास न्यू फॉरेस्ट हा प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवला. तेथे ‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडांनी भरलेले जंगल नव्हे, तर शिकारीचे खास कायदे लागू असलेला मुलूख असा अर्थ होता, आणि त्या मुलखात गावे, शेते व कुरणेही येत. 1217 च्या वनसनदेने सामान्यांचे गुरे चारण्याचे आणि सरपण गोळा करण्याचे काही हक्क मान्य केले. पण 1671 च्या कायद्याने शिकारीचा हक्क वर्षाला किमान शंभर पौंड उत्पन्न देणारी स्वतःची जमीन असणाऱ्यांपुरता किंवा त्याहून मोठा दीर्घ मुदतीचा पट्टा असणाऱ्यांपुरता ठेवला. त्यामुळे स्वतःच्या शेतात शिरलेला ससा मारणे हा लहान शेतकऱ्याचा गुन्हा ठरला. 1723 च्या कायद्याने तर तोंडाला काळे फासून हरणे मारणाऱ्यास फाशीची तरतूद केली. हा कायदा सुमारे शंभर वर्षे टिकला, आणि जमिनीच्या मालकीची ही अट 1831 मध्ये गेली.

याहून खोल बदल घडवला तो कुंपणांनी. मराठी खेड्यात जसे गायरान असते, तशी इंग्रजी खेड्यात ‘कॉमन’ नावाची सामाईक पडीक जमीन असे. मालकी कागदोपत्री जमीनदाराची असली तरी गावकऱ्यांना तिच्यावर गाय चारण्याचा, इंधनासाठी पीट नावाची सुकलेली दलदलीची माती काढण्याचा, पडलेल्या फांद्या नेण्याचा वहिवाटीचा हक्क असे. ही जमीन आणि त्याबरोबर गावाची पट्ट्यापट्ट्यांत विभागलेली खुली शेते एकत्र करून खाजगी तुकड्यांत वाटून घेण्याची पद्धत अठराव्या शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी वेगाने पसरली. 1604 ते 1914 या काळात असे सुमारे 5,200 कायदे मंजूर झाले आणि सुमारे 68 लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक जमीन त्यांच्या कक्षेत आली. गावातील किती माणसे अनुकूल आहेत हे त्यात मोजले जात नसे, तर किती मूल्याच्या जमिनीचे मालक अनुकूल आहेत हे पाहिले जाई. म्हणजे दोन-तीन बड्या घरांची संमती शंभर झोपड्यांच्या विरोधाला पुरून उरे. नेमलेले आयुक्त मोजणी करून तुकडे वाटत, जुने रस्ते बंद करून नवे सरळ रस्ते आखत, आणि ज्याच्या वाट्याला जो तुकडा येई त्याने त्याला स्वखर्चाने कुंपण घालावे अशी अट असे. तो खर्च न झेपणारा लहान माणूस आपला तुकडा विकून मजुरीला लागे. नॉर्थॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टन गावासाठी असा कायदा 1809 मध्ये झाला तेव्हा जॉन क्लेअर हा शेतमजुराचा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याच्या कवितेत वारंवार येणारे माळ, ओढे आणि बुजलेल्या वाटा ही निसर्गवर्णने नसून हरवलेल्या हक्कांची यादी आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

इंग्रजी देखाव्याचे प्रतीक मानले जाणारे जिवंत कुंपण, म्हणजे काटेरी झुडपांची रांग, अनेक प्रांतांत याच वाटणीची खूण आहे. गंमत अशी की, त्या कुंपणाने एका खेळाला जन्म दिला नसला तरी तारुण्य जरूर दिले. सोळाव्या शतकात कोल्हा हा उपद्रवी प्राणी होता आणि त्याचे डोके आणून देणाऱ्याला चर्चचे अधिकारी इनाम देत. पुढे हरणांची राने आटली आणि 1753 पासून लेस्टरशायरमध्ये ह्यूगो मेनेल याने वेगवान कुत्री पैदा करून कोल्ह्याच्या शिकारीला शास्त्राचे रूप दिले. कुंपणे घालून कुरणे झालेल्या त्या प्रांतात गवतावरून घोडा भरधाव सोडावा आणि झुडपांवरून उड्या माराव्यात, हे धनिकांचे वेड झाले. मग ज्या कोल्ह्यावर इनाम होते त्याला लपण्यासाठी मुद्दाम झाडी लावण्यात आली, आणि शिकार सोडून इतर मार्गाने कोल्हा मारणारा शेतकरी असभ्य ठरू लागला.

गरिबांच्या खेळांना मात्र असे अभय लाभले नाही. बैलावर वा अस्वलावर कुत्री सोडणे आणि कोंबड्यांच्या झुंजी यांवर 1835 च्या कायद्याने बंदी आली, आणि ती योग्यच होती. पण घोड्यावरून कुत्री सोडून कोल्ह्याचा पाठलाग करण्याला तिची झळ लागली नाही. ती बंदी येण्यास 2004 उजाडावे लागले. 1835 च्याच रस्तेविषयक कायद्याने वाटसरूंना त्रास होईल अशा रीतीने रस्त्यावर फुटबॉल खेळणे दंडनीय ठरवले. उपासकाळाच्या तोंडावर गावचे गाव दोन पक्षांत विभागून खेळत असे ते जुने फुटबॉल त्यानंतर काही थोड्या गावांतच उरले. मैदान गेले आणि रस्ताही गेला, तेव्हा खेळाला उरला तो आखलेला चौकोन आणि ठरलेली वेळ. 1850 च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले, आणि शनिवारी दुपारी तीनला सामना ही पद्धत याच भोंग्याची देणगी आहे.

क्रिकेटची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण येथे दोन वर्ग एकाच हिरवळीवर आले. दक्षिणेकडच्या केंट, ससेक्स, सरे या प्रांतांत मेंढ्यांनी चरून बारीक केलेल्या गवतावर वाढलेला हा खेळ अठराव्या शतकात उमरावांनी उचलला तो मुख्यतः पैजांसाठी. 1774 च्या नियमावलीत पैजांविषयीही कलमे होती. हॅम्बल्डन या हँपशायरमधील खेड्याच्या क्लबने 1777 मध्ये उरलेल्या इंग्लंडच्या संघाला हरवले, हॅम्बल्डनच्या संघात पुढे बॅट-चेंडू बनवण्यासाठी प्रसिद्ध झालेला चांभार जॉन स्मॉल होता, आणि खेळाला पैसा पुरवणारे होते जमीनदार. सरदार आणि त्याचा माळी एका संघात खेळत याचे मोठे कौतुक झाले. परंतु 1806 पासून ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेअर्स’, म्हणजे हौशी सभ्य गृहस्थ विरुद्ध पगारी खेळाडू, असे सामने सुरू झाले आणि दोघांची कपडे बदलण्याची खोली व मैदानात उतरण्याचे दारही वेगळे असे. हा भेद 1962 मध्ये मिटला. मराठीत ज्याला ‘खिलाडूवृत्ती’ म्हणतात तो गुण निवासी शाळांनी एकोणिसाव्या शतकात राष्ट्रीय गुण म्हणून घडवला. त्याची जुनी मुळे पैजेच्या हिशेबात होती, हे त्या शाळांनी सोयिस्करपणे विसरायला लावले.

हाच खेळ आणि हेच भांडण मुंबईत येऊन पोहोचले. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत, आणि त्याच गवतावर युरोपियन जिमखान्याचे सदस्य घोड्यांवरून पोलो खेळून खेळपट्ट्यांची माती उखडत. 1881 मध्ये सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे गेला, अनेक वर्षे अर्ज-प्रत्यर्ज चालले, आणि अखेर समुद्रकाठी भर घातलेल्या जमिनीवर निरनिराळ्या समाजांच्या जिमखान्यांना भूखंड देऊन प्रकरण शांतवले गेले. शापूरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये या संघर्षाचा वृत्तांत लिहिला. सामाईक जमीन कोणाची, हा इंग्रजी खेड्यातला प्रश्न येथे वंशाच्या रंगात उमटला होता.

प्रवासाचा इतिहासही याच मुद्द्याकडे वळतो. टोल घेऊन रस्ते दुरुस्त करणाऱ्या मंडळांमुळे आणि 1784 मध्ये ब्रिस्टल-लंडन मार्गावर जॉन पामरने सुरू केलेल्या डाकगाड्यांमुळे घोडागाडीचा वेग वाढला. वाटेतल्या खानावळींना, घोडे बदलण्याच्या टप्प्यांना आणि गरम जेवणाला पुढील साहित्यात मोठे स्थान मिळाले. पायी चालणाऱ्याला मात्र त्या जगात मान नव्हता. 1782 मध्ये कार्ल फिलिप मॉरित्झ हा जर्मन प्रवासी लंडनहून ऑक्सफर्डमार्गे डर्बीशायरच्या कॅसलटनपर्यंत बराचसा पायी गेला, तेव्हा खानावळवाल्यांनी त्याला भिकारी किंवा त्याहून वाईट समजून जागा नाकारली. चालणे हे आवडीने करण्याचे काम आहे, ही कल्पना एका पिढीनंतर कवी वर्डस्वर्थसारख्यांनी आणि ‘चित्रासारखा देखावा’ शोधत फिरणाऱ्यांनी रुजवली. टॉमस वेस्ट याच्या 1778 च्या सरोवर-प्रदेशाच्या मार्गदर्शकात देखावा पाहण्याच्या नेमक्या जागा नेमून दिल्या होत्या. महाबळेश्वर व माथेरानच्या इंग्रजांनी ठरवलेल्या ‘पॉइंट’ नावाच्या जागा त्याच सवयीच्या वंशज वाटतात. फक्त तेथे डोळ्यांसमोर सरोवर नसून कोकणाची दरी असते.

पुढे सुंदर देखावा कोणासाठी, याचाही वाद झाला. 1841 च्या जुलैत टॉमस कुक याने सुमारे पाचशे मद्यपानविरोधी कार्यकर्त्यांना एका शिलिंगात आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेले. 1844 मध्ये वर्डस्वर्थने विंडरमियरपर्यंतच्या रेल्वेला विरोध केला. निसर्गाचा आस्वाद घेण्यास मनाची तयारी लागते, असे त्याचे मत होते. त्यातली कळकळ खरी असली तरी ज्या कवीने पायी फिरण्याला प्रतिष्ठा दिली त्यानेच गिरणीकामगारांच्या आगगाडीला दार लावावे, हा विरोधाभास लपत नाही. 1851 च्या जनगणनेत प्रथमच इंग्लंड-वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहतात असे दिसले, आणि त्या शहरी माणसांनीच खेड्याची पूजा सुरू केली. राजकीय नेते स्टॅनली बाल्डविन यांनी 1924 च्या भाषणात इंग्लंड म्हणजे लोहाराची घणघण आणि विळ्याचा आवाज असे सांगितले. ते स्वतः लोखंडाच्या कारखानदाराच्या घरातले होते.

वाटांचे रक्षण मात्र पूजेने झाले नाही. 1815 च्या कायद्याने दोन दंडाधिकाऱ्यांना ‘अनावश्यक’ पाऊलवाट बंद करण्याचा अधिकार दिला, आणि बहुधा जमीनदार व दंडाधिकारी एकाच पंक्तीत जेवत. म्हणून 1826 मध्ये मँचेस्टरमध्ये जुन्या पाऊलवाटा वाचवण्यासाठी मंडळी एकत्र आली. मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन धुरकट शहरांच्या मधले किंडर स्काउट हे पठार ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते, जरी ती शिकार वर्षातून मोजके दिवसच चाले. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन याच्या नेतृत्वाखाली सुमारे चारशे तरुण कामगार तेथे चढले, राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. फिरणाऱ्यांच्या मान्यवर संघटनांनी त्या दिवशी त्यांना पाठिंबा दिला नव्हता. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले उद्यान ठरले, आणि 2000 च्या कायद्याने उघड्या माळांवर व नोंदलेल्या कॉमन जमिनींवर पायी हिंडण्याचा हक्क मिळाला. पण तो इंग्लंडच्या केवळ आठ टक्के जमिनीपुरता आहे, बाकीच्या जमिनीवर आजही नोंदलेली पाऊलवाट किंवा मालकाची परवानगीच लागते. किंडरच्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, 2002 मध्ये, ती जमीन ज्यांच्या घराण्याची होती त्या डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळात त्या तरुणांशी झालेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली.