मूत्राशयोच्छेदनातील आंत्रपुच्छाचा प्रश्न

नागपुरात, मग ते महाल असो वा प्रताप नगर, एखाद्यास ‘अपेंडिक्स झाले’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः हा अवयव बहुतेकांस जन्मतःच असतो. होतो तो त्याचा दाह. अवयवाचे नावच रोगाचे नाव व्हावे, यात त्याकडे पाहण्याची एक जुनी दृष्टी उमटली आहे. शल्यवैद्यही तिच्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हते.

१८८६ मध्ये बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी उजव्या कुशीतील घातक दाहाचे मूळ आंत्रपुच्छात असते हे दाखवून वेळीच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. पुढल्याच वर्षी कोलोन येथे बार्डेनहॉयर यांनी संपूर्ण मूत्राशय काढले. परंतु मूत्रवाहिन्या कोठे जोडता आल्या नाहीत आणि रोगी थोड्याच दिवसांत दगावला. मूत्राशय काढण्याहून मूत्रास वाट देणे कठीण होते. ती समाधानकारक वाट अमेरिकेतील ब्रिकर यांनी १९५० मध्ये दाखविली. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय निघून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. लहान आतड्याच्या शेवटाजवळचा तुकडा रक्तवाहिन्यांसह वेगळा करावयाचा, त्यास मूत्रवाहिन्या जोडावयाच्या आणि त्याचे तोंड पोटावर, बहुधा उजव्या बाजूस, आणावयाचे, अशी ही रीत होय.

आंत्रपुच्छ याच परिसरात असते. पुढे त्याचा दाह झाला, तर दुखणे त्याचे की नव्या मूत्रमार्गाचे, हे ओळखणे अवघड. आणि चिकटलेल्या आतड्यांतून पुन्हा शस्त्र चालविताना त्या तुकड्याच्या रक्तपुरवठ्यासच धोका. आतडे उघडलेलेच आहे, तर आंत्रपुच्छही काढून टाकावे, असा जोडप्रघात पुष्कळ ठिकाणी पडला तो यामुळे. उलट पक्षाचे म्हणणेही दुबळे नव्हे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे रोगी बहुधा साठीपलीकडचे असतात, आंत्रपुच्छदाह मात्र प्रामुख्याने तरुणांचा रोग. तेव्हा या काळजीचा लाभ कितीजणांस होणार?

वादास खरे वळण मिळाले ते मात्र निराळ्याच दिशेने. फ्रान्समधील रूआँ येथील बालशल्यवैद्य पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये आंत्रपुच्छ मोठ्या आतड्यापासून सोडवून, त्याचा रक्तपुरवठा राखून, एक टोक मूत्राशयात व दुसरे पोटाच्या त्वचेवर आणले. या वाटेने नळी घालून रोग्यास स्वतःच मूत्र काढता येऊ लागले. आतड्याची पिशवी करून मूत्राशयाची जागा भरतानाही हीच युक्ती उपयोगी पडली. अर्थात जो भाग केवळ सावधगिरी म्हणून टाकून दिला जात होता, तोच शल्यवैद्यास हवा झाला. ज्यांचे आंत्रपुच्छ आधीच गेले होते किंवा आखूड होते, त्यांच्यासाठी ब्राझीलचे मोंटी यांना १९९७ मध्ये लहान आतड्याच्या तुकड्यापासून तशीच नळी घडविण्याची रीत मांडावी लागली.