कोल्ड क्रीममधला देवमासा



परवा नणंदेने क्रीमची डबी पुढे केली. "वहिनी, हे सेटिल पाल्मिटेट म्हणजे काय? आपल्याला चालतं का?" बाजारात बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शोधणाऱ्या आपण, अंगाला लावायच्या वस्तूंचं मात्र फारसं बघत नाही.

'सेटिल' हा शब्द देवमाशाच्या लॅटिन नावावरून आला. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात तेलासारखा पातळ पदार्थ असतो, एका मोठ्या नरात शेकडो लिटर. बाहेर काढून गार झाला की त्यातून पांढरंशुभ्र मेण बसतं. तेच स्पर्मासेटी, आणि त्यातला मुख्य घटक हे सेटिल पाल्मिटेट. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल याने 1817 मध्ये यातूनच सेटिल अल्कोहोल वेगळं केलं.

कोल्ड क्रीम त्याहून कितीतरी जुनं. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर ते सांगतात: मधमाशीचं मेण, ऑलिव्हचं तेल, गुलाबपाणी. (मध वर्ज्य म्हणणाऱ्या आपल्याला तिथेच अडलं!) पुढे त्यात स्पर्मासेटी आलं, कारण त्याने मलम पांढरं आणि मऊ होई. याच्या मेणबत्त्याही धूर न करता स्वच्छ जळत. इतक्या एकसारख्या, की 1860 च्या सुमारास लंडनमध्ये गॅसच्या दिव्याचा उजेड मोजायला तासाला 120 ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅम जळणारी स्पर्मासेटीची मेणबत्तीच प्रमाण मानली गेली.

त्यासाठी अमेरिकेच्या नँटकेट बेटावरून जहाजं निघत आणि वर्षानुवर्षं समुद्रात राहत. देवमासा नावालाच मासा. तो पिल्लाला दूध पाजतो, कळपातल्या माद्या एकमेकींची पिल्लं सांभाळतात. पंचेंद्रिय जीव, आणि मारला कशासाठी, तर उजेडासाठी आणि गालाच्या मऊपणासाठी! हे वाचल्यावर मला त्या रात्री प्रतिक्रमणात मन लावता आलं नाही.

1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं आणि 1985-86 च्या हंगामापासून ते लागू झालं.

तेव्हा आजच्या डबीत देवमासा नाही. हे मेण आता कारखान्यात सेटिल अल्कोहोल आणि पाल्मिटिक आम्ल यांच्यापासून बनतं. ही दोन्ही बहुधा पाम तेलातून घेतात. पण पाल्मिटिक आम्ल जनावरांच्या चरबीतही असतं, आणि नावावरून स्रोत कळत नाही. नणंदेने कंपनीला पत्र टाकलंय. उत्तर येईपर्यंत खोबरेल तेल लावतेय.