म्हशीचं नाव, पोलादाची चकाकी

जुन्या मोटारीच्या काचेभोवतीची स्टीलची पट्टी मंद पडली, की गॅरेजवाला सांगतो, "उतरवा, बफ मारून आणू." कोल्हापूरच्या उद्यमनगरात 'बफ' हा शब्द इतका मुरला आहे, की तो कुठला, असं कुणी विचारत नाही. तो म्हशीचा आहे.

ग्रीक 'बूबालोस', लॅटिन 'बुफालुस', फ्रेंच 'बुफ्ल' अशा पायऱ्या उतरत हे नाव सोळाव्या शतकात इंग्रजीत पोचलं आणि तिथे जनावराला सोडून त्याच्या तेलात कमावलेल्या जाड, मऊ कातड्याला चिकटलं. सैनिक त्या कातड्याचे अंगरखे घालत. कारागिरांनी तेच आधी लाकडी पट्टीवर, मग चाकावर चढवलं आणि त्यावर धातू उजळला. पुढे चाकं कापडाची झाली, नाव कातड्याचंच राहिलं. चपलेला म्हशीचं कातडं वापरणाऱ्या आणि दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलमागे पळवणाऱ्या कोल्हापुराला तर हा शब्द घरचाच वाटावा.

आपला या कामाचा जुना शब्द मात्र 'शिकल'. अरबी 'सैकल' म्हणजे घासून उजळणं. तलवारी उजळणारा तो शिकलगार. कोल्हापूर-सांगलीकडे ते आजही आडनाव आहे. शिकलगाराचं चाक लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेलं असे, आणि इंग्रजांचा 'कोरंडम' हा शब्द तमिळ 'कुरुंदम्'वरून गेलेला. म्हणजे आपण त्यांच्याकडून चाकाचं नाव घेतलं, त्यांनी आपल्याकडून दगडाचं.

ज्या पोलादावर हा बफ फिरतो, ते वयाने लहान. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होते. सुमारे 13 टक्के क्रोमियम घातलेलं त्यांचं पोलाद गंजेना. 1930च्या फोर्ड मॉडेल ए गाडीच्या रेडिएटरचं कवच आणि पुढच्या दिव्यांची घरं अशाच न गंजणाऱ्या, म्हणजे स्टेनलेस पोलादाची होती. त्यावर मुलामा नसतो, आरपार एकच धातू. वरचा क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा थर ओरखडला, तरी हवेत पुन्हा धरतो. म्हणून मंद पडलेली पट्टी मेलेली नसते. अशा पट्ट्या भंगारात जाताना मला बघवत नाहीत. क्रोमचा मुलामा मात्र घासला की संपला, तेव्हा आधी पट्टी उलटी करून पाहावी. मागे तांबूस गंज फुटला असेल, तर बहुधा मुलामाच.

पोचा आलेला असेल तर पट्टी लाकडावर पालथी ठेवून मागून हलक्या हातोडीने उठवतात. मग 320, 400, 600 नंबरचे वॉटर पेपर. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की राहिले ते दिसतं. लोखंडी तारेचा ब्रश लावायचा नाही. त्याचे कण रुतून बसतात आणि तेच पुढे गंजतात. बफवर उजळण्याच्या मसाल्याची वडी धरून पट्टी सतत सरकती ठेवावी लागते. स्टेनलेसमध्ये उष्णता पटकन पसरत नाही, एका जागी थांबलं की निळा डाग. चाक कडेवरून बाहेर उतरतं हवं. उलटं कडेवर चढलं, तर पट्टी हातातून हिसकावून वाकवतं.

शेवटी मसाल्याचा चिकटा खडूच्या पुडीने पुसतात आणि पट्टीसमोर सरळ रेघ ओढलेला कागद धरतात. रेघ कुठे लचकली, तर तिथला पोचा अजून आहे. पट्टी पुन्हा पालथी.