इस्राएल आळीतला डबा



स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा समितीचा निरोप आला. कुलाब्याचा किल्ला, आंग्र्यांचं आरमार यावर आपल्यातले जाणकार लिहितीलच. मी लिहिणार आहे एका डब्याबद्दल. नववी ब मध्ये माझ्या बाकावर बसणाऱ्या, अलिबागच्या इस्राएल आळीत राहणाऱ्या मुलाच्या डब्याबद्दल. नाव लिहीत नाही, तुम्हांला ते आठवेलच.

१९६६ च्या उन्हाळ्यात तो कुटुंबासह इस्राएलला गेला. निरोपाच्या दिवशी वर्गात गुरुजी म्हणाले, "हा आता आपल्या घरी चाललाय." आम्ही टाळ्या वाजवल्या. तो मात्र गप्प होता. त्या गप्प राहण्याचा अर्थ लागायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा वंश म्हणजे बेने इस्राएल, ही त्यांची परंपरेनं चालत आलेली कथा. ही माणसं कोकणात रुजली. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावं घेतली, तेलाचे घाणे चालवले आणि घरात मराठी बोलू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शनिवारच्या सकाळच्या शाळेला आपला हा मित्र नसायचा आणि सोमवारी आपण त्याला त्याच नावानं चिडवायचो. मीही चिडवायचो.

पुढं इतिहास शिकवू लागलो तेव्हा हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास वाचनात आला. १८९७ साली लिहिलेला हा ग्रंथ छापून निघाला तो थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यातली सणांची नावं वाचून मी थबकलो. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा! हिब्रू भाषा विसरली, पोथ्या उरल्या नाहीत, प्रार्थनेतलं 'शेमा इस्राएल' तेवढं ओठांवर राहिलं. पण कोणत्या दिवशी काय शिजवायचं हे घरातल्या बायका विसरल्या नाहीत. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपास इथं बिरड्याच्या नावानं ओळखला गेला. ग्रंथांनी करायचं काम कित्येक पिढ्या चुलीनं केलं.

धर्माचे नियम आणि कोकणचा माल यांचा मेळ त्यांनी मोठ्या हुशारीनं घातला. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून रश्श्याला नारळाचं दूध. द्राक्षाची दारू मिळत नाही, म्हणून शब्बाथच्या आशीर्वादाला काळ्या मनुकांचं सरबत. मासळी खायची, पण खवले आणि पर असलेलीच. कोळंबी आणि खेकडे वर्ज्य. वर्षारंभाच्या सणाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात शिजवलेला हलवा. आणि सगळ्यांत मोठा मान मलिद्याचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावानं तबक मांडायचं, गाणं म्हणायचं आणि आशीर्वाद म्हणून वाटायचं. लग्नाआधी मलिदा, नवस फिटला की मलिदा. आपल्या शेजारच्या खंडाळे गावात एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. कोचीनच्या किंवा बगदादी यहुद्यांत ही मलिद्याची चाल नाही. ती अस्सल आपल्या कुलाबा जिल्ह्यातली.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झालं तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुतेक गेले. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. यहुद्यांचा छळ झाला नाही असा भारत हा देश, हे तेच अभिमानानं सांगतात. ओढ धर्माची होती, शिवाय आधी गेलेल्या नातेवाइकांची.

तिथं पोचल्यावर मात्र दुसरीच ओढ सुरू झाली. १९४९ ते १९५९ त्या नव्या देशात रेशनिंग होतं. भात खाणाऱ्या माणसांच्या पुढ्यात पाव आला. नारळ, आमसूल, वाल यांची नावंही तिथल्या बाजाराला ठाऊक नव्हती. शिवाय आपल्याला दुय्यम वागवतात ही सल होतीच. सुरुवातीच्या काळात गेलेल्यांपैकी काहींनी धरणं धरलं आणि १९५२ साली ते भारतात परतलेसुद्धा. पुढं १९६२ साली तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या वंशाची चौकशी करावी असा आदेश काढला. त्याविरुद्ध ही मंडळी रस्त्यावर उतरली आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं मान्य केलं. आपला मित्र गेला तो यानंतर दोनच वर्षांनी. ज्याला आपण 'घरी' पाठवलं, त्याच्या माणसांना त्या घराचा दरवाजा भांडून उघडावा लागला होता.

१९९२ साली दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध जुळले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी तो अलिबागला आला. जेवायला बोलावलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, बाकी काही नको. कडव्या वालांचं बिरडं करा." मोड आलेले, सोललेले वाल, आमसूल, गूळ, वर ओलं खोबरं. पहिला घास घेतला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी आईनं तिथल्या कुठल्याशा शेंगांच्या दाण्यांचं बिरडं केलं. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी खाल्लं. रात्री ती एकटीच रडत होती." वर्गातल्या निरोपाची आठवण मी काढली. तो म्हणाला, "गुरुजी चुकीचं नव्हते बोलले रे. पण घरून निघताना मला घरी चाललास म्हणत होते, तर मी बोलणार काय?"

शनवार तेली या हाकेबद्दल मला त्याची माफी मागायची होती, पण त्या दिवशी जीभ रेटली नाही. आज ती सगळ्यांच्या साक्षीनं इथं मागतो.

आता त्याच्या गावात नारळ मिळतो, पोहेही मिळतात. लोद, रामला, दिमोना, अश्दोद या गावांतून भारतीय दुकानं आहेत, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथं निघालं. मलिद्याची तबकं अजून मांडली जातात. त्याच्या नातवंडांना मराठी येत नाही, पण 'मलिदा' म्हटलं की ती धावत येतात. भाषा जाते आणि ताट राहतं, ही गोष्ट कोकणात एकदा घडली होती. आता तिथं पुन्हा घडते आहे.

इकडे इस्राएल आळीतली बरीचशी घरं बंद आहेत. १८४८ साली स्थापन झालेलं 'मागेन आबोथ' सिनेगॉग मात्र उभं आहे. मेळाव्याला आलात की पाच मिनिटं तिकडं फिरून या.

गुडघ्यांमुळं त्याला या वेळी येता येणार नाही. फोनवर म्हणाला, "स्मरणिका सावकाश धाड. आधी दोन किलो कडवे वाल धाड, आणि पांढऱ्या कांद्याची एक माळ." कांदा टिकायचा नाही, हे मी त्याला सांगितलं. वाल बांधून ठेवलेत. तिकडं कुणी जाणार असेल तर मला जरूर कळवा.