कुणकेश्वरचं थडगं

महाशिवरात्रीला गावोगावच्या देवांच्या पालख्या समुद्रस्नानासाठी कुणकेश्वरला येतात. देवगड तालुक्यातल्या या ठिकाणाला कोकणची काशी म्हणतात. ओहोटीला खडकांवरची शिवलिंगं उघडी पडतात आणि माणसांची तिकडे झुंबड उडते. देवळाजवळच्या थडग्याकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. शंकराच्या दारात मुसलमानाचं थडगं कसं, याची एक गोष्ट आहे.

एका अरब व्यापाऱ्याचं (कुणी इराणी म्हणतात) गलबत वादळात सापडलं. किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला. तिथे जो कोण देव असेल त्याला तो नवस बोलला : वाचलो तर तुझं देऊळ बांधीन. वाचला, शब्दाला जागून देऊळ बांधलंही. मग मनाने घेतलं की आपले लोक आता आपल्याला जवळ करणार नाहीत. शिखरावर चढला आणि तिथून उडी टाकली.

ही दंतकथा. माझा कयास असा, की थडगं आधीचं आणि गोष्ट मागाहून जुळवलेली. वादळातला नवस दर्यावर्दींच्या कथांत जागोजाग भेटतो. तमिळनाडूतल्या वेलंकण्णीच्या चर्चची कुळकथाही हीच. पण तिथले खलाशी पोर्तुगीज आणि देवमाता त्यांचीच, तेव्हा पुढे कुणाला तोंड दाखवायची पंचाईत नव्हती. कुणकेश्वरची गोष्ट वेगळी पडते ती त्या उडीमुळे. नवस फेडणारा हा माणूस वादळाला भ्याला, आणि नंतर आपल्याच माणसांनाही.

अशा भित्र्या भाविकांचं एरवी काय होतं? न डगमगणाऱ्यांचं काय होतं ते माहीत आहे : वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मेला. १८६२ साली संत झाला, वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. त्याच नागासाकीत १६३३ साली क्रिस्तोवाव फरेरा या जेझुइट पाद्र्याला खड्ड्यावर उलटं टांगलं. काही तासांतच तो मोडला, धर्म सोडला. सावानो चुआन हे नाव घेऊन पुढे जपानातच जगला, १६५० साली वारला. मनातून त्याने काय सोडलं, काय नाही, देव जाणे. जेझुइट संघाने त्याला केव्हाच काढून टाकलं होतं. शूसाकू एन्डो यांच्या ‘सायलेन्स’ या १९६६ सालच्या कादंबरीने त्याला पुन्हा चर्चेत आणलं.

कुणकेश्वरने आपल्या मोडलेल्या माणसाला देवळाशेजारी जागा दिली, निदान गोष्टीत तरी. यात्रेला जाल तर दर्शन घेऊन तिकडेही वळा.