स्तंभ, खांब आणि रकाना

‘स्तंभ’ हा शब्द मराठीने संस्कृतातून जसाच्या तसा घेतला आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘स्तंभ्’ धातूचे अर्थ दोन : आधार देणे आणि रोखून धरणे. ‘स्तंभित’ होणारा मनुष्य जागीच खिळतो, तो या दुसऱ्या अर्थाने. प्राकृतात याचेच ‘थंभ’ झाले आणि मराठीला ‘थांबणे’ हे क्रियापद मिळाले. घराचा ‘खांब’ मात्र ‘स्कंभ’ या वैदिक शब्दापासून आला, असे मानले जाते. अथर्ववेदात हा स्कंभ विश्वाचा आधार म्हणून वर्णिला आहे.

नाशिकच्या दक्षिणेस पांडवलेण्यांत या शब्दाचे दगडी रूप पाहावयास मिळते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीच्या विहारात, घंटाकार शीर्षांचे खांब आहेत. ओसरीखाली सहा धिप्पाड पुरुषाकृती तुळया खांद्यावर पेलताना दाखविल्या आहेत. वास्तविक अखंड कातळात कोरलेल्या छताला असा आधार लागतोच असे नाही. हे लाकडी बांधकामाचे अनुकरण होय. त्या काळी नुसता एक खांबही दान देता येत असे. पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहात अशा दात्यांचे लेख असून त्यांत ‘थभो’ हे प्राकृत रूप आढळते.

मल्लखांबाचाही नाशिक जिल्ह्याशी संबंध सांगितला जातो. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. त्यासाठी त्यांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, अशी आख्यायिका आहे.

वृत्तपत्रांत मात्र या शब्दाचा गोंधळ होतो. इंग्रजीतील ‘कॉलम’ला मराठीत तीन प्रतिशब्द आहेत. पानावरील उभी पट्टी म्हणजे रकाना, ठरावीक दिवशी येणारे लेखन म्हणजे सदर. ‘स्तंभ’ दोन्ही अर्थांनी वापरतात. ‘स्तंभलेखक’ आता रूढ झाला असला तरी तो लिहितो ते सदरच, आणि हाच शब्द अधिक नेमका. फिनिश भाषेतही अशी विभागणी आहे. तेथे इमारतीचा खांब ‘प्युल्वॅस’, तर वृत्तपत्राचा रकाना ‘पाल्स्ता’. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ जमिनीचा तुकडा असाही होतो.

शालेय गणितात ‘स्तंभालेख’ स्थिरावला आहे. बोलीने मात्र खांबच जवळचा मानला. सारा कारभार एकाच माणसावर चालणाऱ्या संस्थेला लोक ‘एकखांबी तंबू’ म्हणतात. तेथे ‘एकस्तंभी’ कोणी म्हणत नाही.